आधी घरचं बोलू, मग शाळेचं

प्रश्न : मावशी, सलाम. आम्ही ख्रिस्ती, राहुरी तालुक्यात वस्तीवर राहतो. मुलगी येत्या जूनला पहिलीत जाईल. जिल्हा परिषदेची शाळा चालत पाच मिनिटांवर आहे. कॉन्व्हेंट चौदा किलोमीटरवर, व्हॅन लावावी लागेल. सासूबाई आणि चर्चच्या मंडळीतल्या काही बायका म्हणतात, झेडपीत सरस्वतीच्या फोटोला हार घालतात, श्लोक म्हणवून घेतात, गणपती बसवतात, लेकरू हातचं जाईल. मिस्टर म्हणतात, कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीही होईल आणि धर्मही राहील, शिवाय आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, फुकट प्रवेश मिळतो. झेडपीचे गुरुजी माणूस भला आहे, पण ते म्हणाले, दाखल्यावर जुनी जात लावून हिंदू लिहा, सवलती मिळतील. काय करावं? — एक आई

अगं, एका पत्रात चार प्रश्न घातलेस आणि त्यातला धर्माचा एकच आहे.

मिस्टरांचं आधी निकालात काढू. आरटीईच्या पंचवीस टक्के जागा खासगी विनाअनुदानित शाळांत असतात हे खरं, पण अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना तो कायदाच लागू नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे. म्हणजे कॉन्व्हेंटला घालायचं तर फी, व्हॅन, गणवेश, बूट सगळं तुमच्या खिशातून. आणि तिथे धर्म राहील हे त्यांना कोणी सांगितलं? आपण प्रॉटेस्टंट. सिस्टरांच्या पुष्कळ शाळांत धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं वेगळी बसतात आणि उरलेल्यांना मूल्यशिक्षण असतं. तुझी मुलगी त्या उरलेल्यांत, गावच्या पाटलांच्या पोरीशेजारी. मूल्यशिक्षण चांगलंच असतं, त्याला नावं ठेवत नाही. पण चौदा किलोमीटर व्हॅनमध्ये हिंदकळत जाऊन धर्म म्हणून पदरात पडणार ते एवढंच. खरं सांगायचं तर तुमच्या घरात ओढ आहे ती इंग्रजीची आणि टायची. असू दे की. पण मग तसं म्हणा, येशूचं नाव मध्ये घालू नका.

आता सासूबाईंची भीती. ती खोटी नाही. मी नोकरीचा सगळा काळ जिल्हा परिषदेच्या शाळांत काढला, शेवटी मुख्याध्यापिका होते, त्यामुळे परिपाठात काय चालतं ते मला विचार. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, २०२३ पासून राज्यगीत, मग दिनविशेष, सुविचार, एखादी बोधकथा. प्रार्थना बहुतेक ठिकाणी साने गुरुजींची असते, जगावर प्रेम करायला सांगणारी. तिला हरकत घेणारा ख्रिस्ती माणूस मला तरी भेटलेला नाही. कुठे पसायदान, कुठे श्लोक. ते त्या त्या गुरुजींवर असतं. दसऱ्याच्या आधी पाटीपूजन. पोरं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, झेंडूची पाकळी वाहतात, फुटाणे-खोबरं खातात.

त्या दिवशी नारळ मुख्याध्यापकांनी फोडायचा असा रिवाज. मी मुख्याध्यापिका झाले त्या साली सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नारळ उचलला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिला. म्हटलं, मान तुमचा. गडी इतका खूश झाला की पुढच्या वर्षी नवा सदरा घालून आला आणि पाण्याच्या टाकीचं बिलही भरून गेला. मी ख्रिस्ती आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कुणी भांडलं नाही, मीही भाषण ठोकलं नाही. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला मात्र हार मीच घालायचे, हट्टाने. मान देणं वेगळं, भजणं वेगळं. हा फरक सहा वर्षांच्या पोरीला कळतो, तुझ्या सासूबाईंनाही कळतो. त्यांच्याच घरात सासऱ्यांच्या फोटोला हार असेल, बघ.

पाटीवर सरस्वती काढली तर पाप लागेल का, असं पोरीने विचारलं तर काय सांगायचं? मी असते तर नामानाची गोष्ट सांगितली असती. बायबलात दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात आहे. हा अरामी सेनापती कोडातून बरा होतो आणि अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, आता मी फक्त परमेश्वराला भजेन, पण माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला फैलावर घेत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो. आता हा आधार मी पहिली-दुसरीच्या लेकरांना देते, मोठ्यांना नाही. मोठ्यांनी दानीएल वाचावा. तो बाबेलच्या राजाच्या शाळेत शिकला, तिथली भाषा आणि विद्या घेतली, पण ताटातल्या अन्नाला नाही म्हणाला, आणि तेही त्या कारभाऱ्याशी नीट बोलून.

प्रसादाचं प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहून ठेवलंय, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, ते नवराबायकोने शेजारी बसून वाचा आणि एकच काय ते ठरवा. आई एक सांगते, बाप दुसरं, आजी तिसरं, असं झालं की पोरगी चोरून खाते. आमच्या घरी प्रसाद घेत नाहीत, माझ्या धाकट्या बहिणीकडे घेतात. रविवारी दोघी एकाच बाकावर बसतो. नाही घ्यायचा ठरला तर पोरीला "आमच्यात खात नाहीत, काकू" असं हसून म्हणायला शिकव. तोंड वाकडं करायला शिकवू नकोस.

आता कायदा. संविधानाचं २८ वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चाललेल्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेतही पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गात नसत. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथातली मुलं होती. शाळेने काढून टाकलं, आणि १९८६ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्यांची शिकवण मला पटत नाही, राष्ट्रगीत मी बेंबीच्या देठापासून गाते. पण त्या निकालाने सगळ्यांचीच सोय झाली : आदराने उभं राहिलं की पुरतं, ओठ हलवायची सक्ती नाही. तरी हे कलम खिशातच ठेव, शाळेत काढू नकोस. जूनच्या आधी एकदा गुरुजींकडे जा, चहा घ्या, आणि साधं सांग : आरतीला हिला पुढे उभं करू नका, बाकी नाच, नाटक, रांगोळी, काय हवं त्यात घाला. भला माणूस आहे म्हणतेस ना? मग ऐकेल.

शाळेने लेकरू हातचं जातं, हे भय आपल्या बायकांनी काढलेलं नाही. मुंबईत मिशनरी डॉ. विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि आईबापांनी आपली पोरं भराभर काढून घेतली. तेव्हा ते आपल्या शाळांना भीत होते, आज आपण गावच्या शाळेला भितो. पण जोतीराव फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले ते आपल्या नगरला, अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंकडे. ख्रिस्ती दोघंही झाले नाहीत. आणि ज्यांची गीतं आपण दर रविवारी गातो ते नारायण वामन टिळक वळले ते कुठे? आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी साहेबाने हातात ठेवलेल्या बायबलच्या नव्या करारामुळे. मास्तर तिथे कुणी नव्हता.

म्हणून मला काळजी आहे ती तुझ्या घरची. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना वचन शिकवायचं काम घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता करायला सांगितलंय, आणि ते आईबापांना सांगितलंय. तुमच्याकडे रात्रीची प्रार्थना होते का? सीरियल संपल्यावर की आधी? आणि आपल्या शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधले रविवारचे मुलांचे वर्ग, बघ एकदा. दहावी झालेल्या एखाद्या पोरीच्या गळ्यात तीस लेकरं, आणि दर वर्षी रंगवायला तेच नोहाचं तारू. माझ्या ओळखीतल्या चौथीच्या पोराने तारवातला जिराफ इतक्यांदा रंगवलाय की तो डोळे मिटून काढतो, पण योसेफाचे भाऊ कोण ते त्याला सांगता येत नाही. ज्या बायका झेडपीवर बोलतात त्यांनी रविवारचा एक तास घ्यावा, मी स्वतः येऊन त्यांना गोष्ट कशी सांगायची ते दाखवते. पाळकसाहेबांना माझा निरोप दे.

शाळा निवडताना बघायचं ते वेगळंच. सकाळी न सांगता शाळेत जा. तिसरीतल्या कुठल्याही पोराला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला सांग. पट किती, गुरुजी किती, मतदार याद्यांच्या कामात महिन्यातले किती दिवस जातात, ते विचार. इंग्रजी पहिलीपासून आहेच, २००० सालापासून आहे, सेमीचा वर्ग आहे का तेवढं बघ. पोरं वाचत असतील तर डोळे मिटून नाव घाल. वाचत नसतील तर मात्र माझं वरचं सगळं व्याख्यान विसर आणि कॉन्व्हेंटच्या फीची जुळणी कर, मी दोष देणार नाही.

राहिला दाखला. ख्रिस्ती लिही. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आपण बाहेरच राहिलो. हा अन्याय आहे, त्यासाठी भांडणारे भांडताहेत, मीही सह्या केल्यात. पण त्याचं उत्तर पोरीच्या जनरल रजिस्टरात खोटं लिहिणं हे नाही. उद्या जात पडताळणीला हेच पान उघडतात, आणि वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत असते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात, तो दाखला काढा, तहसीलला खेटे पडतील पण सरळ काम आहे. परिपाठात मुलगी कशाला हात जोडेल म्हणून रात्र रात्र जागायचं आणि कागदावर आपणच हिंदू लिहायचं, हे मला तरी जमत नाही.

प्रश्न : आदरणीय मावशी, आम्ही मूळचे नगरचे, सध्या न्यू जर्सीत. आमच्या चर्चमधली बरीच अमेरिकन कुटुंबं मुलांना सरकारी शाळेतून काढून घरी शिकवतात. तिथे देवाचं नाव काढता येत नाही म्हणतात. आमचा मुलगा चौथीत आहे, आम्ही दोघंही नोकरी करतो. आम्हीही काढावं का? जाता जाता : इथली मराठी शाळा रविवारी सकाळी, उपासनेच्याच वेळी भरते. — एक बाबा

बघा कसं आहे, राहुरीच्या ताईची तक्रार शाळेत देव फार म्हणून, तुमच्या शेजाऱ्यांची शाळेत देव नाही म्हणून.

तिकडे शाळेने चालवलेली प्रार्थना सुप्रीम कोर्टाने १९६२ साली बंद केली आणि पुढच्या वर्षी बायबलवाचन. पण बंदी शाळेवर आहे, तुमच्या मुलावर नाही. तो डबा उघडताना हात जोडू शकतो. शिवाय शाळेत बायबल होतं तेव्हा सगळं आलबेल होतं असंही नाही. कोणतं बायबल वाचायचं यावरून १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली होऊन कॅथलिक चर्च जाळली गेली. आणि पटत नसलेल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला मुलाला बाहेर ठेवण्याची मुभा आता कोर्टानेच दिली आहे, मेरीलँडच्या पालकांच्या खटल्यात, २०२५ साली. त्या पालकांत मुसलमानही होते, ख्रिस्तीही.

घरी शिकवणं वाईट म्हणत नाही. पण तुम्ही दोघं नोकरी करता असं पत्रात आहे. मग शिकवणार कोण, लॅपटॉप? शाळेतच राहू द्या. परक्या देशातल्या पोराला दोस्त लागतात, आणि ते सगळे आपल्याच चर्चचे असले की तो तो देश शिकत नाही.

मराठी शाळेचं मला जास्त लागलं. उपासना सोडू नका. शाळा चालवणाऱ्यांना भेटून शनिवारचा वर्ग मागा, तुमच्यासारखी आणखी दोन-तीन ख्रिस्ती घरं असतील तर एकत्र जा. नाहीच जमलं तर रोज रात्री त्याच्याकडून मराठी नव्या कराराचं अर्धं पान मोठ्याने वाचून घ्या. जोडाक्षरं सुटतील.

प्रश्न : झेडपीत नाताळची सुट्टी एकच दिवस. २४ ला रात्री उशिरापर्यंत कॅरोल, २६ ला पोर झोपेत शाळेत. काय करायचं? — श्रीरामपूर

२६ चा रजेचा अर्ज २३ लाच द्या, आणि तो पोराच्या हातून लिहून घ्या. २७ ला वर्गासाठी करंज्या पाठवा, गुरुजींना वेगळा डबा.