‘हरिकेन चक्रीवादळ’ म्हणजे पिवळा पीतांबर

विचारणा अशी : टेक्सस-फ्लोरिडाच्या बातम्यांत ‘हरिकेन चक्रीवादळ’ म्हणतात ते बरोबर का, आणि हरिकेनचा ‘हरि’शी संबंध आहे का?

नाही आणि नाही. हरिकेन हे चक्रीवादळच. दोन्ही शब्द जोडले की पिवळा पीतांबर होतो, आणि जून ते नोव्हेंबर, अटलांटिकचा वादळी मोसम संपेपर्यंत, तो रोज कानावर आदळतो. एक काहीतरी म्हणा. (‘हरिकेन कंदील’ मात्र योग्य : सोसाट्याच्या वाऱ्यातही न विझणारा.)

हा शब्द क्यूबा, हैती, पोर्तो रिको या बेटांवरच्या तैनो लोकांचा : ‘हुराकान’. स्पॅनिशांनी तो उचलला, कारण तापलेल्या समुद्रावरून येणाऱ्या असल्या वादळाला त्यांच्याकडे नावच नव्हते.

पुष्कळ ठिकाणी तो माया लोकांच्या ‘हुराकान’ देवावरून आला असे छापलेले असते. मला हे मुळीच मान्य नाही. ग्वाटेमालातल्या किचे माया भाषेत त्या नावाची फोड ‘एकपायी’ अशी करतात. त्यात वारा कुठे आहे? शिवाय स्पॅनिश फौजा किचे मुलुखात पोचल्या १५२४ मध्ये. तोवर बेटांवर त्यांची तीस वर्षे गेली होती, वादळेही खाऊन झाली होती. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरवायची, तर ‘हरि’वाल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट. तैनोंच्या काही प्रतिमांत मधे एक चेहरा असतो आणि दोन हात एकमेकांच्या उलट वळलेले असतात. क्यूबाचे अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी १९४७ मध्ये मांडले, की हा फिरणारा हुराकान आहे. मी आणखी पुढे जाईन : मधला चेहरा म्हणजे वादळाचा शांत डोळा. बेटावर आधी एका बाजूने वारा झोडपतो, मग सारे थांबते, मग उलट बाजूने झोडपतो. हे ज्याने सोसले, त्याला वादळ फिरते हे वेगळे शिकवावे लागत नाही. युरोपीय विद्येला तिथवर यायला किती वेळ लागला पाहा : वादळे गोल फिरतात हे सांगणारा अमेरिकेतल्या रेडफील्डचा लेख १८३१ चा, आणि कलकत्त्यात पिडिंग्टनने सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून घडवलेला ‘सायक्लोन’ १८४८ च्या पुस्तकातला.

बेटांवरच्या या जाणतेपणाला तुच्छ लेखण्याची किंमत टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हस्टन गावाने मोजली. १९०० च्या उन्हाळ्यात क्यूबातल्या हवानाच्या बेलेन वेधशाळेचे वादळ-जाणकार वादळ टेक्ससकडे चालले असे म्हणत होते. अमेरिकेच्या हवामान खात्याला ते फ्लोरिडाकडे वळेल अशी खात्री होती, आणि क्यूबाच्या अंदाजांच्या तारांवर त्याने आधीच बंदी आणवली होती. ८ सप्टेंबरला समुद्र गावात शिरला. किमान ६,००० माणसे गेली.