१९६५ च्या भारत-पाक युद्धात पाकिस्तानचा पॅटन रणगाडा जास्त आधुनिक होता, तर पंजाबातल्या असल उत्तरला भारताच्या सेंच्युरियन रणगाड्यापुढे का हरला?

रणगाडा कमी पडला म्हणून नाही, तो चुकीच्या जमिनीवर चुकीच्या पद्धतीने घुसवला म्हणून. पॅटनची तोफ ९० मिमी, सेंच्युरियनची २० पाउंडर म्हणजे ८४ मिमी. कागदावर पॅटनच सरस. पण त्याचं खरं बळ दुरून अंतर मोजून मारण्यात, आणि अंतर मोजायचं ते यंत्र नीट वापरायला सराव लागतो. असल उत्तरजवळच्या खेमकरण भागातल्या उभ्या उसात दूरचं दिसतच नव्हतं, तिथे त्याचा उपयोग काय? ८ ते १० सप्टेंबरच्या त्या लढाईत भारतीय तुकड्यांनी घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे लावले, शेतांत पाणी सोडलं, रणगाडे उसात दडवले आणि शत्रू टप्प्यात येईपर्यंत गोळा सोडला नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात ट्रॅक्टर फसतो, तसे ४५ टनांचे पॅटन फसले. सुटायला वळले की पातळ चिलखताची बाजू समोर येई. (सेंच्युरियन तर त्याहून जड, पण तो जागेवर दबा धरून होता!) भारताचे जुने शर्मन रणगाडे आणि जीपवरच्या १०६ मिमी तोफांनीही बरेच पॅटन टिपले, परमवीर अब्दुल हमीद अशाच तोफेवर होते.

फक्त यावरून पॅटन भंगार होता असं समजू नका. त्याच महिन्यात पाकिस्तानातल्या चाविंड्याला हल्ला आपला होता, बचाव त्यांचा, आणि तिथे सेंच्युरियन असूनही आपली आगेकूच अडली.