घर बांधेपर्यंत गावात भाड्याने

प्रश्न : राजापूरजवळच्या गावात चिऱ्याचं घर बांधायचंय. काम होईपर्यंत पुण्याची जागा सोडून तिथेच भाड्याने राहावं म्हणतो. भाड्याचं घर बघताना काय पाहावं?

उत्तर : आधी पाणी पाहा. दिवाळीत भरलेली विहीर एप्रिल-मेमध्ये तळ गाठते. ‘मे महिन्यात पाणी कुठून आणता?’ हे मालकाला नको, शेजारच्या काकूंना विचारा. बांधकामालाही पाणी लागणारच. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या स्लॅबला किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी मात्र काँक्रीटला नको, आतली सळई गंजते.

घर जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावं. गवंडी गेल्यावर संध्याकाळी स्लॅब ओला ठेवणारं दुसरं कोण असणार?

बंद पडवी किंवा कोरडी खोली मिळते का बघा. सिमेंटच्या गोणी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर सोडून, एकावर एक दहापेक्षा जास्त न रचता ठेवा. तिथल्या दमट हवेत गोणी गोठते, म्हणून महिनाभराच्या कामापुरतंच सिमेंट आणा. ही जागा वापरायची परवानगी करारातच लिहून घ्या.

करार साधारण ११ महिन्यांचा करतात. तो नोंदवा आणि मुदतवाढीची अट टाका, कारण काम लांबतंच. पाया दिवाळीनंतर लगेच धरलात, तरच मेअखेर छप्पर चढेल. ते राहिलं तर जूनपासून काम जवळपास ठप्प, आणि भाडं चालूच.