पावणेतीन लाखांचा हिशेब

पत्र थोडक्यात असं: सांगलीच्या विश्रामबागेत राहणारे २९ वर्षांचे वाचक, लग्न वैशाखात ठरलेलं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनियर, हातात पगार ३८,००० रुपये. जून २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात बहुतेक रात्री ऑनलाइन पोकरच्या टूर्नामेंट खेळले. एकूण १,८४० टूर्नामेंट, सरासरी एंट्री फी ५५० रुपये, ती वजा जाता नफा पावणेतीन लाख. ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा आला आणि ॲप बंद पडलं. आता नोकरी सोडून पूर्णवेळ खेळायचं मनात आहे. एकतर गोव्याच्या कॅसिनोत, नाहीतर व्हीपीएन लावून, म्हणजे इंटरनेटवर आपली जागा लपवून, परदेशी साइटवर. भांडवल सहा लाख: चार लाखांची एफडी मोडून आणि दोन लाख वडिलांच्या बेदाण्याचे. प्रश्न एकच, ‘सहा लाखांचा बँकरोल पुरेल का?’

तुमच्या पत्रासोबतचा तक्ता उघडला आणि पहिल्यांदा बरं वाटलं. तारीख, एंट्री, कितवा नंबर, किती मिळाले, सगळं ओळीनं लिहिलेलं. असे हिशेब मला दुकानदारसुद्धा दाखवत नाहीत. पत्त्यांवर पैसे लावणाऱ्या माणसाला जिंकलेली रात्र तोंडपाठ असते आणि हरलेल्या रात्री त्याच्या लेखी झालेल्याच नसतात. तुम्ही त्यातले नाही. म्हणून तुम्हाला जुगारी वगैरे म्हणून मोकळा होणार नाही, तुमच्याच आकड्यांनी उत्तर देतो.

तक्त्यात फेब्रुवारी २०२५ मधली एक ओळ तुम्ही पिवळी केली आहे. रविवारची २,२०० रुपयांची टूर्नामेंट, १,३०० एंट्री, पहिला नंबर, ५ लाख २० हजार. त्या रात्री झोप लागली नाही, पहाटे गाडी काढून गणपती मंदिरापर्यंत जाऊन आलात, असं लिहिलंय. ते वाचताना मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आता ती एक ओळ झाका. उरलेल्या १,८३९ टूर्नामेंटचा मिळून हिशेब जवळपास २ लाख ४३ हजार रुपये तोट्याचा आहे.

तुम्ही म्हणाल, टूर्नामेंटचा खेळच असा असतो, पैसा सगळा वरच्या नंबरात. बरोबर आहे. २,२०० मधले २०० फी म्हणून आधीच गेले, २,००० बक्षिसात. शंभरातल्या पंधरा-वीस जणांना काहीतरी मिळतं, पण बहुतेकांना एंट्रीच्या दीडपट-दुप्पट. खरा पैसा फायनल टेबलच्या, म्हणजे शेवटी उरलेल्या नऊ जणांत, त्यातही पहिल्या तिघांत. त्यामुळे चांगला खेळाडूसुद्धा महिनोन्‌महिने तोट्यात असतो आणि एका रात्रीत वर येतो. मुद्दा असा, की वाईट खेळाडूही अधूनमधून असाच वर येतो. दोघांचे तक्ते वर्ष-दोन वर्षं सारखेच दिसतात.

मी जरा गणित करून बघितलं. अशा मोठ्या फील्डमध्ये, म्हणजे इतके खेळाडू असताना, एका टूर्नामेंटमागे होणारी चढउतार साधारण एंट्रीच्या सात-आठ पट धरावी लागते. रविवारच्या मोठ्या एंट्र्या धरून तुमच्या १,८४० टूर्नामेंटवर केवळ नशिबानं होणारा फरक येतो सव्वादोन लाखांच्या आसपास, वर किंवा खाली. म्हणजे ज्याच्या खेळात ना नफा ना तोटा, असे दहा जण तुमच्याइतकेच खेळले तर त्यातल्या एकाचा तक्ता तुमच्यासारखा पावणेतीन लाख दाखवेल. तुम्ही तो दहावा आहात की खरोखर चांगले खेळाडू, हे तक्ता सांगत नाही. चांगले असालही. पण नोकरी सोडण्याइतका पुरावा यात नाही, आणि तसा पुरावा मिळायला अजून चार-पाच हजार टूर्नामेंट लागतील.

आता कर. पावणेतीन लाख म्हणताना तुम्ही तीन आर्थिक वर्षं एकत्र केली आहेत. आयकर खातं तसं करत नाही. २०२३-२४ मध्ये तुमचा तोटा १ लाख ३५ हजार, २०२४-२५ मध्ये नफा ४ लाख ६० हजार, २०२५-२६ मध्ये ऑगस्टपर्यंत तोटा ५० हजार. ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस. तुमचा स्लॅब कितीही असो. आणि आधीच्या वर्षाचा तोटा पुढे ओढता येत नाही, नंतरचा मागे लावता येत नाही. म्हणून कर ४ लाख ६० हजारांवर: १ लाख ४३ हजार ५२०. टीडीएस ॲपनं कापला असेल, सेस तुम्हाला रिटर्नमध्ये भरावा लागला असेल. नसेल भरला तर आधी ते बघा.

हातात राहिले १ लाख ३१ हजार. आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच तास, सव्वादोन वर्षं. कमीत कमी २,८०० तास. तासाला ४७ रुपये पडले. कारखान्यात तुम्हाला तासाला १८० रुपये मिळतात, दिवसा मिळतात, आणि तिथं कुणी शेवटच्या पत्त्यावर तुमचा पगार काढून घेत नाही.

आता पुढच्या वाटांकडे येऊ. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ आले, कौशल्याचा असो की नशिबाचा. ‘पोकर हा कौशल्याचा खेळ आहे’ हा वाद तुम्ही पत्रात पानभर घातलाय, पण या कायद्यापुढे तो लागू नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे खरं. शिक्षा आहे खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची ने-आण करून देणाऱ्याला. तुमची अडचण या तिसऱ्यातच आहे. परदेशी साइटवर पैसे जाणार कसे? बँकेतून जुगारासाठी पैसे बाहेर पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे. म्हणून तुमचा मित्र म्हणतोय यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो चलन) घे, टेलिग्रामवर माणूस आहे. जिंकलेलं परत आणताना हा माणूस तुमच्या खात्यावर जे पैसे टाकेल ते कुठून आले हे तुम्हाला कळणार नाही. ते कुणाच्या तरी फसवणुकीचे निघाले तर दूरच्या कुठल्या तरी राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठतं. तेच खातं, ज्यात पगार येतो आणि हप्ता जातो. खातं सोडवायला सहा-सहा महिने हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि साइटनं पैसे अडकवले तर तक्रार कुणाकडे करणार? या वाटेवर मी जास्त शब्द घालवत नाही. नाही म्हणजे नाही.

गोवा मात्र कायदेशीर आहे, म्हणून त्यावर नीट बोलू. तिथली बरी टूर्नामेंट २५ हजारांची धरा. सहा लाखांत २४ एंट्र्या होतात. ऑनलाइन तुम्ही महिन्याला सत्तर खेळत होतात, एकावेळी चार टेबलं लावून. प्रत्यक्ष टेबलावर एक टूर्नामेंट म्हणजे अख्खा दिवस, कधी दोन. महिन्याला आठ झाल्या तरी डोक्यावरून पाणी. तुमच्या १,८४० चा आकडा गाठायला एकोणीस वर्षं लागतील! टूर्नामेंट खेळणारे स्वतःच किमान शंभर एंट्र्यांचा बँकरोल सांगतात, मोठ्या फील्डला दोनशे. तुमच्याकडे चोवीस.

पण हे सगळं दुय्यम आहे. ज्या गोष्टीकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही ती सांगतो. ऑनलाइन खेळात निदान वर्षभरात भरलेले पैसे वजा होऊन निव्वळ रकमेवर कर लागत होता. कॅसिनोतल्या पत्त्यांच्या जिंकण्यावर कर लागतो तेव्हा खर्च वजा मिळत नाही. एंट्री फी नाही, हरलेल्या तेवीस टूर्नामेंट नाहीत, पणजीचं लॉज नाही. बक्षीस म्हणून जे हातात आलं त्यावर ३० टक्के, वर सेस.

समजा तुम्ही खरोखर चांगले आहात, शंभर लावून एकशेवीस परत आणणारे. सहा लाख लावले, ७ लाख २० हजारांची बक्षिसं आली. दुनिया म्हणेल पठ्ठ्यानं सव्वा लाख कमावले. कर ७ लाख २० हजारांवर: २ लाख २४ हजार ६४०. उरले ४ लाख ९५ हजार. चांगलं खेळून, जिंकून, वर एक लाख पाच हजार गेले. जेवणखाण आणि गोव्याच्या फेऱ्या यात धरलेल्याच नाहीत. नुसतं मुद्दल निघायला शंभरामागे एकशेपंचेचाळीस रुपयांची बक्षिसं यायला हवीत. तुमच्या पिवळ्या ओळीसकट तुमचा स्वतःचा आकडा एकशेसत्तावीस आहे.

म्हणजे बँकरोल पुरेल का, या प्रश्नाचं उत्तर: साठ लाख असते तरी पुरले नसते. फक्त संपायला जास्त वेळ लागला असता.

तुम्ही पत्रात एक चांगला मुद्दा काढलाय आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. ‘बाबा द्राक्षबाग करतात तो जुगार नाही का? एक अवकाळी पाऊस आला की वर्ष गेलं.’ आहे, जुगारच आहे तो, आणि पोकरपेक्षा निर्दय. माझ्या स्वतःच्या घरात बाग होती, मला नका सांगू. पण एक फरक बघा. द्राक्षाला भाव नाही मिळाला तर तुमच्या बाबांनी बेदाणा केला. बेदाण्याला भाव नाही म्हणून तासगावच्या कोल्ड स्टोरेजला ठेवला आणि वर आल्यावर काढला. हरिपूरला लोक हळद पेवात, जमिनीखालच्या कोठारात, घालून ठेवायचे ते याचसाठी. आपल्याकडच्या शेतकऱ्याची सगळी अक्कल या थांबण्यात आहे. टूर्नामेंटच्या चिप्स पेवात ठेवता येत नाहीत. मधेच उठून पैसे करता येत नाहीत. दर काही मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे सक्तीनं लावायच्या चिप्स, वाढतात आणि थांबणाऱ्याला खेळच खाऊन टाकतो.

आता पत्रातल्या शेवटून दुसऱ्या ओळीकडे येतो, जी तुम्ही जाता जाता लिहिली. ‘क्रेडिट कार्डवर ६४,००० आहेत, ते निघतील.’ व्याज महिन्याला साडेतीन टक्के. दरमहा २,२४० रुपये नुसत्या व्याजाचे. तक्त्याशी तारखा जुळवून पाहिल्या. हे पैसे मार्च ते जून २०२५ मधले आहेत, मोठी टूर्नामेंट जिंकल्यानंतरच्या पडत्या काळातले. ३७ रात्री ओळीनं कोरड्या गेल्या, आणि त्याच रात्री तुमची सरासरी एंट्री ५५० वरून १,४०० वर गेलेली आहे. याला तुमच्या भाषेत टिल्ट म्हणतात. सगळ्या पत्रात मला भीती वाटली ती इथं. तोटा भरून काढायला कर्जानं डाव वाढवणारा माणूस २,८०० तासांचा अनुभव घेऊनही सुरक्षित नसतो. ॲप बंद झाल्यावर झोप येत नाही, हात फोनकडे जातो, असंही तुम्ही लिहिलंय. १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. लाजू नका.

करायचं काय ते सांगतो. एफडी मोडायचीच तर कार्डापुरती मोडा. साडेतीन टक्के महिन्याचं व्याज भरत वर्षाच्या सात टक्क्यांची ठेव सांभाळण्यात काय हशील? कार्ड फेडून बंद करा. उरलेल्यातले दीड लाख बचत खात्याला जोडून ठेवा, अडीनडीला. एफडी बँकेत आहे की पतसंस्थेत, हे तुम्ही लिहिलं नाही. बँकेत असेल तर पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेत ते नाही. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. पतसंस्थेत असेल तर मुदत संपताच हलवा. टर्म इन्शुरन्स नाही, तो लग्नाआधी घ्या. एसआयपीचं पुढच्या वेळी बोलू, त्याला घाई नाही.

पोकर सोडाच असं मी म्हणत नाही. मित्रांत बिनपैशाचं खेळा. वर्षातून एकदा गोव्याला जायचं तर पंधरा हजार पाकिटात घेऊन जा, कार्ड घरी ठेवा आणि ते पैसे सहलीच्या खर्चात लिहा. मुलीकडच्यांना काय सांगायचं हे माझ्या कामात बसत नाही, पण कर्ज लपवून लग्नाला उभं राहण्यापेक्षा वैशाखाच्या आत कार्ड फेडून मोकळं होता येतंय, तर ते आधी करा.

आणि बाबांचे दोन लाख. त्यांना तुम्ही ‘शेअरमध्ये टाकतो’ म्हणून सांगितलंय. ते पैसे अजून तुमच्या खात्यात तसेच आहेत, ही या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी. याच आठवड्यात त्यांच्या खात्यावर परत घाला. विचारतील का परत दिलेस, तर खरं सांगा. ओरडतील, मग चहा मागतील. एप्रिलच्या खरड छाटणीला मजुरांचे पैसे त्यांना लागणारच आहेत.