राजावर आरोप ठेवण्यापूर्वी
वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं फँटसी कादंबऱ्यांतल्या राजा-राण्यांबद्दल आहेत. उत्तरांमध्ये जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालेतल्या प्रकाशित पाच कादंबऱ्या, त्यांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका आणि टॉल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांतल्या घटना शेवटापर्यंत उघड केल्या आहेत. ज्यांचं वाचायचं किंवा पाहायचं बाकी आहे, त्यांनी हे पान नंतरसाठी ठेवावं.

प्रश्न : डेनेरिस टार्गेरियनने मीरीनच्या सरदारांना दिलेल्या शिक्षेवर लेख लिहिला, तो सोबत जोडला आहे. वाचणाऱ्यांनी मलाच धारेवर धरलं. गुलामांना सोडवणाऱ्या राणीला दोष देणं म्हणजे मालकांची बाजू घेणं, असं त्यांचं म्हणणं. माझं कुठे चुकलं? – वाचक, सांगली

उत्तर : लेखाचं पहिलं वाक्य ‘डेनेरिस क्रूर आहे’ असं आहे. हा निकाल झाला. आरोप अजून लिहिलेलाच नाही, त्यामुळे वाचणाऱ्याने स्वतःच एक आरोप गृहीत धरला आणि तो म्हणजे ‘गुलामांना सोडवलं हे चुकलं’.

आरोप नेमका कसा लिहायचा ते पाहू. मार्टिन यांच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मध्ये (२०००) मीरीन शहराचे सरदार युंकाई शहराहून येणाऱ्या रस्त्यावर दर मैलाच्या खुणेला एक गुलाम मूल खिळे ठोकून मारतात. अशी १६३ मुलं. शहर जिंकल्यावर डेनेरिस सरदारांना सांगते, तुमचे पुढारी हवाली करा, बाकीच्यांना जीवदान. किती, असं विचारल्यावर आकडा सांगते : १६३. मग तितक्या जणांना चौकात खांबांवर ठोकलं जातं.

आता आरोप असा लिहा : आकडा मेलेल्या मुलांवरून ठरला, गुन्हेगारांवरून नाही. मुलं मारायचा हुकूम कुणी दिला, कुणी विरोध केला, याची चौकशी झाली नाही. आणि माणसं हवाली करायची होती ती उरलेल्या सरदारांनीच, म्हणजे आपला माणूस वाचवून वैऱ्याला पुढे ढकलायची पूर्ण मोकळीक त्यांना मिळाली. या आरोपात गुलामांच्या सुटकेवर एक शब्दही नाही. तुमच्यावर चिडलेल्या वाचकालाही आता याच मुद्द्यांना उत्तर द्यावं लागेल.

मालिकेतला पुरावा मात्र यात मिसळू नका. मुलांना खिळे ठोकण्याला विरोध करणारा, मीरीनचा सरदार हिझदार याचा बाप राणीच्या शिक्षेत मेला, हा ठळक मुद्दा मालिकेच्या चौथ्या सीझनमधला आहे. पुस्तकावरच्या लेखात तो घातलात तर जाणकार वाचक तेवढी एक चूक पकडून सगळा लेख बाजूला सारेल.

पुढची पायरी म्हणजे पर्याय. ‘दुसरं काय करणार होती ती?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा आधीच उत्तर द्या. शहरात नुकतेच सुटलेले हजारो गुलाम होते. कोणत्या घरात कोणता हुकूम सुटला, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार. त्यांची साक्ष घेणं शक्य होतं. ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये (२०११) हीच राणी सरदारांची मुलं ओलीस ठेवते, पण शहरात तिच्या माणसांचे खून पडत असतानाही त्या मुलांना मारायला नकार देते. म्हणजे वेगळी कसोटी तिला ठाऊक आहे आणि पेलतेही. तुमच्या लेखात हा प्रसंग नाही आणि ही सर्वांत मोठी उणीव आहे. बचावाचा सर्वांत भक्कम पुरावा आपणच मांडला की आरोपाला वजन येतं.

त्याआधी जिंकलेल्या अस्तापोर शहराबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलं आहे, तिथे थांबायला हवं होतं. तिथला हुकूम असा की टोकार (गुलाममालकांचं उंची वस्त्र) नेसलेल्या किंवा हाती चाबूक असलेल्या प्रत्येक पुरुषाला मारा, पण बारा वर्षांखालच्या मुलाला हात लावू नका. तेरा वर्षांच्या मुलाने टोकार नेसला असेल तर? पहिल्या पुस्तकात ती स्वतः तेरा वर्षांची आहे. शिवाय शहर सोडताना ती एक वैद्य, एक विद्वान आणि एक पुजारी यांच्या हाती कारभार देते. थोड्याच दिवसांत क्लिऑन नावाचा खाटीक सत्ता बळकावतो आणि उमरावांच्या मुलांना गुलाम सैनिक बनवायला लागतो. राज्यकर्ती म्हणून तिचा खरा दोष मला इथे दिसतो. सुटका केली, पण ती टिकवायला मागे फौज ठेवली नाही.

वहीत चार रकाने आखा : कृत्य, त्या दिवशी राज्यकर्त्याला काय माहीत होतं, कोणते पर्याय हाताशी होते, प्रसंग कुणाच्या नजरेतून आला आहे. दीड हजार शब्दांच्या लेखाला तीन कृत्यं पुरतात. सात-आठ घेतली की नुसती यादी होते.

प्रश्न : गोंडोरच्या डेनेथॉरने शेजारच्या रोहान राज्याची मदत मागितली नाही, इशाऱ्याच्या शेकोट्याही पेटवू दिल्या नाहीत. इतका नालायक राज्यकर्ता टॉल्किननी का रंगवला? – वाचक, पुणे

उत्तर : टॉल्किननी तसा रंगवलेलाच नाही. शेकोट्या अडवणारा डेनेथॉर २००३च्या चित्रपटातला. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या पुस्तकात (१९५५) जादूगार गँडाल्फ आणि त्याचा सोबती पिपिन गोंडोरची राजधानी मिनास तिरिथकडे घोडा फेकत असतात, तेव्हाच शेकोट्या पेटलेल्या दिसतात. रोहानचा राजा थेओडेन याच्याकडे मदतीची खूण असलेला लाल बाणही डेनेथॉरनेच पाठवलेला आहे. परगण्यांतून त्याने कुमक बोलावली आहे, फक्त आली ती तीन हजारांहून कमी.

पुस्तकातल्या डेनेथॉरचे दोष वेगळे आहेत आणि टीकाकाराला जास्त खाद्य देणारे आहेत. जिवंत मुलासमोर तो मेलेल्या मुलाची बाजू घेतो आणि त्याच फॅरामिरला पडत्या नाक्यावर धाडतो. गोंडोरचा तो राजा नाही, राजप्रतिनिधी आहे, तरी खऱ्या वारसाला जागा द्यायला तयार नाही. वेढा ऐन भरात असताना सेनापतीची जबाबदारी टाकून तो चिता रचायला जातो आणि तापाने फणफणलेल्या जिवंत मुलालाही तिच्यावर घेतो.

या सगळ्याच्या मुळाशी पालांतीर, म्हणजे दूरचं दाखवणारा दगड. गोंडोरचा शत्रू सौरॉन याला त्या दगडाकडून खोटं वदवता येत नाही. काय दाखवायचं एवढंच तो निवडतो. काळ्या शिडांची जहाजं नदीतून वर येताहेत हे डेनेथॉर खरंच पाहतो. त्यांवर अॅरागॉर्न आहे, म्हणजे गादीचा खरा वारस मदतीला येतोय, एवढंच त्याला दिसत नाही. खरी माहिती, पण अर्धी, आणि तिच्यावर कुणाचा सल्ला न घेता काढलेला निष्कर्ष. ‘वेडा म्हातारा’ म्हणून विषय मिटवला की हे सगळं हातातून जातं.

आवृत्त्यांची ही सरमिसळ मराठी वाचकाला नवी नाही. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचं वाक्य लहानपणापासून ऐकलेलं असतं, पण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पुण्यात सिद्ध केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीत ते नाही. मयसभेत दुर्योधन पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ. द्रौपदीही बायकांसोबत हसली, असं नंतर बापाला सांगतो तो दुर्योधनच. म्हणजे दोन गोष्टी तपासायच्या : वाक्य मुळात आहे का, आणि असेल तर बोलतंय कोण.

प्रश्न : मार्टिन यांच्या मालेत गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिस बरॅथियनला न्यायी म्हणायचं की मुलीला जाळणारा बाप? – वाचक, मडगाव

उत्तर : शिरीनला जाळण्याचा प्रसंग मालिकेच्या पाचव्या सीझनमधला, २०१५चा. प्रकाशित पुस्तकांत तो आलेला नाही. पाचव्या पुस्तकात स्टॅनिस विंटरफेलच्या वाटेवर बर्फात अडकला आहे आणि मुलगी राज्याच्या उत्तर सीमेवरच्या भिंतीपाशी, कॅसल ब्लॅकमध्ये आहे. त्याचे लोक अग्निदेवाला बळी द्या म्हणून मागे लागतात, तेव्हा तो जाळायला नकार देतो, आणखी प्रार्थना करा म्हणतो. पुढे त्याच छावणीत मेलेल्याचं मांस खाल्लं म्हणून चौघांना जाळलं जातं. दोन्ही नोंदवा.

पुस्तकांपुरता सर्वांत पक्का आरोप एड्रिक स्टॉर्मचा. भावाच्या या अनौरस मुलाला बळी द्यावं, या विचाराकडे स्टॅनिस झुकत जातो. स्टॅनिसचा विश्वासू सरदार डाव्होस मुलाला गुपचूप गलबतावरून पळवतो, म्हणून ते टळतं. इथे स्टॅनिसला त्याच्याच मापाने मोजा. स्टॅनिसच्या गढीला वेढा पडला होता, तेव्हा कांदे आणि खारवलेले मासे पोचवून डाव्होसने ती जगवली. स्टॅनिसने त्याला सरदार केलं आणि जुन्या चोरट्या व्यापाराबद्दल डाव्या हाताच्या चार बोटांची पेरंही तोडली. चांगलं कृत्य वाईटाला पुसत नाही आणि वाईट चांगल्याला पुसत नाही, हा त्याचा नियम. मग राज्य वाचवण्याच्या चांगल्या हेतूने पोराचा बळी पुसला जाईल का? त्याचाच नियम नाही म्हणतो.

आणखी एक खबरदारी. स्टॅनिसच्या नजरेतून एकही प्रकरण नाही. आपल्याला तो बराचसा डाव्होसच्या डोळ्यांतून दिसतो आणि डाव्होसचा त्याच्यावर जीव आहे. डेनेरिसच्या प्रकरणांत उलट अडचण येते. तिथे तिची स्वतःची समजूत घालणं सतत कानावर येतं, त्यामुळे वाचक नकळत तिच्या बाजूला सरकतो.

प्रश्न : ‘त्या काळाची रीतच तशी होती’ असं कुणी म्हटलं की माझं तोंड बंद होतं. काय बोलावं? – वाचक, नागपूर

उत्तर : आपला काळ बाजूला ठेवा आणि त्याच कथेत कुणी हरकत घेतली आहे का ते शोधा. मार्टिन यांच्या पहिल्या पुस्तकात रॉबर्ट राजा गरोदर डेनेरिसला मारायला मारेकरी पाठवायचं ठरवतो. सल्लागारांपैकी नेड स्टार्क विरोध करतो, पदाचं चिन्ह टाकून निघून जातो. म्हातारा बॅरिस्टनही विरोधात बोलतो. दोघे त्याच काळातले, त्याच रीतीत वाढलेले. राजासमोर उभं राहून नाही म्हणणारी माणसं असतील तर ‘रीत होती’ हा बचाव उरत नाही.

कुणाचीच हरकत सापडली नाही तर टीका राजावरून व्यवस्थेकडे वळवा. रॉबर्टच्या खजिन्यावर साठ लाखांहून अधिक सुवर्णमुद्रांचं कर्ज आहे, त्यातलं जवळपास अर्धं सासऱ्याचं, टायविन लॅनिस्टरचं. स्पर्धा आणि मेजवान्यांवरची उधळपट्टी दरबारात मुरलेल्यांना नवलाची वाटत नाही, पण कर्जाचा दोर सासरच्या हातात जातो. हा दोष रसभरीत नाही म्हणून चाहत्यांच्या लेखांत क्वचितच येतो. यायला हवा.

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या सीझनमध्ये डेनेरिस शहर जाळते ते पटलं नाही. दोष पात्राचा की लेखकांचा? – वाचक, ठाणे

उत्तर : दोन वेगळे लेख लिहा. निदान एकाच लेखात दोन स्वतंत्र भाग करा. एकत्र केलं की ‘ती अशी करणारच नाही’ आणि ‘ती आधीपासून अशीच होती’ ही दोन टोकं एकमेकांवर आपटत राहतात.

पात्राचा भाग सोपा आहे. घंटा वाजल्या, शहर शरण आलं, तरी तिने रस्त्यांतल्या लोकांवर आग ओतली. याला बचाव नाही.

लेखनाच्या भागात सूचना आणि कारण यांत गल्लत करू नका. सातव्या सीझनमध्ये शत्रूपक्षाच्या टार्ली बापलेकांना जाळणं ही सूचना आहे : हिच्या हातून असं होऊ शकतं. पण ती दोघं गुडघे टेकायला नकार देणारी होती, आणि शहर तर शरण आलेलं. नेमकं त्या क्षणी ती का फिरली, याचं कारण वेगळं हवं आणि त्याला पडद्यावर वेळ हवा. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातच भागांचा, आठवा सहाच. तिची सोबतीण मिसांदेई हिचा वध, प्रियकर जॉन याच्या जन्माचं रहस्य तिला कळणं, सल्लागारांची फितुरी, हे सगळं या शेवटच्या भागांत कोंबलं आहे. प्रत्येक सूचना कोणत्या भागात येते आणि तिच्यावर किती मिनिटं खर्च होतात, याचा तक्ता करा. तुमचं न पटणं त्या मिनिटांत दाखवता येईल.

प्रश्न : चांगल्या राजांवर टीका करायची नसते का? अॅरागॉर्नला कुणी काही विचारत नाही. – वाचक, बंगळुरू

उत्तर : मार्टिन यांनीच एका मुलाखतीत विचारलं आहे : त्याचं करधोरण काय होतं, उरलेल्या ऑर्कांचं (सौरॉनच्या फौजेतल्या राक्षसांचं) त्याने काय केलं? प्रश्न रास्त आहे. मात्र टीका करण्यापूर्वी पुस्तकात मिळतं ते वाचून घ्या. राज्याभिषेकानंतर तो शरण आलेल्या पूर्वेकडच्यांना माफ करतो, दक्षिणेच्या हाराडशी तह करतो, सौरॉनच्या मॉर्डॉरमधल्या गुलामांना मुक्त करून नूर्नेन सरोवराभोवतीची जमीन त्यांच्या नावे करतो. पहारेकरी बेरेगॉन्डने फॅरामिरला वाचवण्यासाठी पहारा सोडला आणि पवित्र जागी रक्त सांडलं. त्याला शहर सोडायची शिक्षा होते आणि त्याच निकालाने तो फॅरामिरच्या रक्षकांचा नायक होतो. नियम पाळला, माणूसही राखला. करांबद्दल मात्र काही नाही, आणि ऑर्कांचा प्रश्न सुटत नाही तो नाहीच.

प्रश्न : लेखात लांब उतारे द्यावेत का? – वाचक, जळगाव

उत्तर : नको. प्रसंग दोन ओळींत आपल्या शब्दांत सांगा आणि ज्या शब्दावर मुद्दा उभा आहे तेवढाच अवतरणात घ्या. मार्टिन यांच्या पुस्तकांत पानाऐवजी प्रकरण ज्या पात्राच्या नावाने आहे ते नाव आणि त्याचं कितवं प्रकरण हे लिहा, कारण पानं प्रत्येक छपाईत बदलतात. टॉल्किनसाठी खंड आणि प्रकरणाचं नाव पुरतं.