बैजिक अपूर्णांकांची वजाबाकी करताना माझं उत्तर का चुकतं? आणि हे गणित लागतं तरी कुठे?

तू दिलेलं गणित ३/(क्ष−२) − (क्ष−५)/(क्ष²−४), आणि तुझं उत्तर (२क्ष+१)/(क्ष²−४). क्ष²−४ चे अवयव (क्ष−२)(क्ष+२) हे तू ओळखलंस, लसावि बरोबर काढलास. चूक त्यापुढच्या एकाच ओळीत आहे.

पहिल्या अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला (क्ष+२) ने गुणलं की अंश ३क्ष+६ होतो. त्यातून अख्खा (क्ष−५) वजा करायचा आहे. तू ३क्ष+६−क्ष−५ लिहिलंस, म्हणजे वजाचं चिन्ह फक्त क्ष ला लागलं. ३क्ष+६−(क्ष−५) असं लिही. कंस सोडवला की −५ चे +५ होतात आणि अंश २क्ष+११ येतो. अपूर्णांकाची आडवी रेघ मुळात कंसाचंच काम करते. दोन रेघांची एक केली की तो कंस दिसेनासा होतो, म्हणून तो आपण घालायचा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीची शिकवणी घेतो. वेळ वाचवायला ही पायरी मनातल्या मनात करणारी हुशार पोट्टीच इथं मार्क घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर स्वतः तपासत जा. क्ष च्या जागी ३ ठेव: मूळ गणितात ३ + २/५, म्हणजे १७/५. २क्ष+११ वाल्या उत्तरातही १७/५ येतात, तुझ्या उत्तरात ७/५. मात्र २ किंवा −२ ठेवू नको, छेद शून्य होतो.

आणि (२क्ष+११)/(क्ष²−४) मधला वरचा-खालचा क्ष काटायचा नाही. काटाकाट होते ती गुणाकारातल्या अवयवांची, बेरजेतल्या पदांची नाही. कधी छेदात २−क्ष दिसला, तर तो −(क्ष−२) आहे एवढं लक्षात ठेव, लसावि उगाच वाढणार नाही.

लागतं कुठे, तर आपल्याच वावरात. एक बाई एका वावराची कापूस वेचणी एकटी क्ष दिवसांत करते, दुसरीला तीन दिवस जास्त लागतात. दोघी मिळून रोज १/क्ष + १/(क्ष+३), म्हणजे (२क्ष+३)/(क्ष(क्ष+३)) एवढा भाग वेचतात. पहिलीला तीन दिवस लागत असतील तर रोज ९/१८, म्हणजे अर्धं वावर. दोन दिवसांत वेचणी पुरी. आता वावर दोन दिवसांत झालं एवढंच माहीत आहे असं धरून क्ष काढून बघ. वर्गसमीकरण तयार होईल, आणि त्याची एक किंमत का सोडावी लागते तेही तुझं तुलाच कळेल.