दुकानदाराला आधी सांगितलं होतं का?

‘शुद्ध तूप’ लिहिलेला डबा सात महिन्यांपूर्वी घेतला, वास वेगळा आला म्हणून प्रायव्हेट लॅबमध्ये टेस्ट केला, वनस्पती तेलाची भेसळ निघाली, आता दुकानदाराला जेलमध्ये पाठवायचंय. हाच प्रश्न मला सारखा येतो, कधी तूप असतं, कधी मध, कधी मसाला. भेसळ गुन्हा आहे हे तुम्हाला माहितीये, त्यात जात नाही. मी एवढंच विचारतो, डबा घेताना ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं दुकानदाराला सांगितलं होतं का?

नाही ना, तिथेच अडलंय. अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम ४० बघा. ग्राहकाला फी भरून सरकारी फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासणी करून घेता येते, दोष निघाला तर फी परत मिळते, आणि रिपोर्ट अ‍ॅनालिस्टकडूनच डेसिग्नेटेड ऑफिसरकडे (त्या भागाच्या अन्न सुरक्षेचा प्रमुख अधिकारी) जातो, म्हणजे खटल्याची प्रोसेस तिथून सुरू. पण अट आहे की तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगायचा. तुम्ही डबा घरी नेलात, उघडलात, वापरलात आणि मग उरलेला प्रायव्हेट लॅबला दिलात, आता समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार की यात तेल कुणी मिसळलं ते कशावरून, आणि त्याला उत्तर नाही. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण त्यावर खटला उभा राहणार नाही.

वर सात महिने! कलम ७७ प्रमाणे गुन्ह्याच्या तारखेपासून एक वर्षात कोर्टाने दखल घ्यायला हवी, अन्न सुरक्षा कमिशनर लेखी कारणं देऊन तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका. हे महिने दुकानदाराला मेसेज पाठवण्यात घालवलेत त्याचा मला खरंच राग येतो, आपल्याकडे कोर्ट आधीच इतकं हळू चालतं, त्यात आपण उशीर कशाला करायचा.

आता करायचं काय, तर डब्याचा बॅच नंबर आणि बिल घेऊन अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. तो माल अजून विकला जात असेल तर अधिकारी स्वतः सॅम्पल घेतील, त्याचे चार भाग करून सील होतात, तिथे ‘तुम्हीच मिसळलं’ म्हणायला जागा उरत नाही. ते टाळाटाळ करत असतील तर तुम्ही स्वतः नवा डबा घ्या, पण यावेळी तपासणीचं पत्र दोन प्रतींत नेऊन दुकानदाराची सही घ्या, सोबत साक्षीदार ठेवा आणि सील फोडू नका. विक्री नवी म्हणून एक वर्षाची मुदतही त्या तारखेपासून मोजली जाईल.

जेल होईल का हे आत्ता सांगता येणार नाही. माल ‘असुरक्षित’ ठरला तर कलम ५९ खाली तुरुंगवास आहे, नुसता निकृष्ट ठरला तर पाच लाखांपर्यंत दंड, लेबलचाच दोष असेल तर तीन लाखांपर्यंत, आणि ही दंडाची प्रकरणं कोर्टात न जाता अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे, म्हणजे दंड ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जातात. पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे, ती तुमच्याकडे अजून आहे, फक्त उघडलेल्या डब्याला तिथेही किती वजन मिळेल सांगता येत नाही. तरी तो डबा आहे तसा ठेवा, धुऊन दुसऱ्या कामाला घेऊ नका.